अठ्ठावीस दिवसांच्या आत

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, कानात डॉ. होवेल्सचा आवाज चालू असताना, ओल्वेन बेननची बोटं थांबली. तशी ती कधी थांबत नसत. कार्डिफच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात, चौथ्या मजल्यावरच्या टंकलेखिकांच्या खोलीत ती एकवीस वर्षं बसत होती. डॉक्टर मंडळी टेपवर बोलून ठेवत, ती टेप तिच्याकडे येई, आणि कानातून आत आलेलं बोटांतून बाहेर निघून जाई. मध्ये कुठे टेकायचं नाही, अशी सवयच लागून गेली होती. शवविच्छेदनाचे अहवाल, गाठींची मापं, मेलेल्या अर्भकांची वजनं. संध्याकाळच्या बसमध्ये कुणी विचारलं असतं की आज काय टाइप केलंस, तर तिला एक ओळ सांगता आली नसती. जन्मतः मेंदू नसलेल्या बाळासाठी डॉक्टरांचा जो लांबलचक शब्द आहे तो तिनं या खोलीत शेकडो वेळा टाइप केला असेल. पहिल्या वर्षी एकदा त्याचं स्पेलिंग कोशात बघून घेतलं होतं. पुन्हा बघावं लागलं नाही. आणि आज त्या शब्दाला नव्हे, त्याच्या पुढच्या अगदी साध्या वाक्याला बोटं थांबली होती. डॉ. होवेल्स सुइणींसाठी व्याख्यान तयार करत होती. तरुण बाई, स्वच्छ बोलायची, स्वल्पविरामसुद्धा सांगायची. 'वरचं टोक साधारण पंचविसाव्या दिवशी मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या. म्हणजे बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असतं. पूर्णविराम. त्यानंतर आईनं काय केलं किंवा काय केलं नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. पूर्णविराम.'

ओल्वेननं पायाखालचं पेडल मागे दाबलं. टेप चिवचिवत मागे गेली. पुन्हा तेच वाक्य. तिनं पुन्हा पेडल दाबलं. शेजारच्या टेबलावरच्या ग्लेनिसनं एका कानावरचा हेडफोन बाजूला करून पाहिलं. ग्लेनिसला बोलायला निमित्त लागत नसे. "अडलीस वाटतं? आमची राणी अडली म्हणजे शब्द भलताच असणार. कुणाचा आहे, त्या दाढीवाल्याचा? तो तोंडात सँडविच धरूनच बोलतो बघ." ओल्वेन म्हणाली, की शब्द नाही अडला, टेप जरा खराब आहे. मग तिनं ते वाक्य टाइप केलं. बोटं नेहमीच्या वेगानं चालली, एकही चूक झाली नाही. पण आता मागचं सगळं, जे अर्ध्या तासापूर्वी तिच्यातून पार होऊन गेलं होतं, ते पडद्यावर वर सरकवून ती एखाद्या परक्या बाईसारखी वाचू लागली. गर्भ तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते, असं लिहिलं होतं. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, मधोमध भेटतात आणि मिटतात. त्याची नळी होते. नळीचं वरचं टोक म्हणजे पुढे मेंदू, बाकीचा मज्जारज्जू. या दिवसांत पेशी फार झपाट्यानं वाढाव्या लागतात, आणि वाढायला त्यांना फोलेट लागतं. पालेभाजीत, कलेजीत, संत्र्यात असणारं एक जीवनसत्त्व. ते आईच्या रक्तात पुरेसं नसेल तर कधीकधी कडा भेटत नाहीत. वरच्या टोकाला भेटल्या नाहीत तर मेंदू उघडा राहतो आणि पुढल्या महिन्यांत भोवतालच्या पाण्यात झिजून जातो. मूल मात्र वाढत राहतं. हृदय, हातपाय, नखं, सगळं. आईला पोटात लाथा बसतात.

बसल्या होत्या. ओल्वेनला ते आठवायचं नव्हतं, पण आठवणीलाही आता आपल्याआपण येण्याची मुभा मिळाल्यासारखी झाली होती. एकसष्ट सालचा उन्हाळा, खाणींच्या दरीतलं गाव, एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग, आणि सासूच्या घरातली वरची खोली. सासूला ती नवऱ्यासारखंच मॅम म्हणे. ती तेवीस वर्षांची होती. पोट इतकं मोठं झालं होतं की शेजारणी जुळं आहे म्हणून पैजा लावत. त्या वेळी तिला जे माहीत होतं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. मार्चमध्ये, दुसरी पाळी चुकल्यावर, एका मंगळवारी, सासू प्रार्थनामंदिराच्या साफसफाईला गेली असताना, ती मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोपीवर चढली होती आणि तिथून खाली उडी मारली होती. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा दोन्ही पाय एकदम, टाचांवर, मुद्दाम. हिसका थेट दातांपर्यंत आला होता. जीभ चावली गेली. मूल नकोच होतं असं नव्हतं. आत्ता नको होतं. लग्नाला सहा महिने झाले होते. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तिनं लघुलेखनाची परीक्षा दिली होती, आणि कार्डिफच्या एका कचेरीतून मुलाखतीचं पत्र आलं होतं. एप्रिलच्या दहा तारखेची मुलाखत. तिनं पत्र उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. दहा तारखेला ती गेली नाही, कारण तोवर तिला रोज सकाळी उलट्या होत होत्या, आणि उड्यांनी काहीही झालं नव्हतं.

काहीही झालं नाही असं तिला ऑगस्टपर्यंत वाटत होतं. ऑगस्टमध्ये, एक महिना आधीच, कळा सुरू झाल्या. सुईण नर्स पार्फिट सायकलवरून आली. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यात कोळशाची गाडी उभी होती. बाळ झालं तेव्हा कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच तिला आधी ऐकू आलं. मग टॉवेलची सळसळ, जिन्यावर नर्सची जड पावलं, उतरताना. परत येऊन नर्सनं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की बाळ गेलेलंच जन्मलं, डोक्याचा वरचा भाग झालाच नव्हता, बघू नकोस पोरी, बघून काही भलं व्हायचं नाही. सासूनं रात्री रस्सा आणून दिला आणि म्हणाली, "झालं ते झालं. या घरात त्याचं नाव निघायचं नाही." बाईच्या मनात वाईटपणा नव्हता, तिचीही दोन गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा एम्लिन आणि प्रार्थनामंदिराचा एक म्हातारा पंच एक पेटी घेऊन गेले. कुठे, ते ओल्वेननं विचारलं नाही. विचारण्याचा हक्क आपल्याला नाही हे तिला त्या वेळी इतकं उघड वाटत होतं, की पुढे कधी त्यावर फेरविचारही झाला नाही. डोक्याचा वरचा भाग. टाचांवर मारलेली उडी. हिशोब अगदी सरळ होता. उडीचा हिसका तिच्या दातांपर्यंत आला होता, तो तिथं थांबला नसणार.

तेव्हापासून ती गोष्ट तिच्यापाशी होती. दुःख म्हणून नव्हे. दुःख पहिल्या दोन-तीन वर्षांत सरलं, किंवा बोथटलं. राहिली ती नुसती एक माहिती. आपण कोण आहोत याची. दुकानात कुणी सुट्टे पैसे जास्त दिले की ती परत करायची, आणि मनात यायचं, याला माहीत नाही. एखाद्या बाईनं तिच्या मांडीवर मूल ठेवलं की तिचे हात लाकडासारखे व्हायचे, आणि बायका आपापसांत म्हणायच्या, बिचारी. एम्लिन खाणीत रात्रपाळीला होता. बासष्टच्या सुरुवातीला तो मागच्या छोट्या खोलीत झोपू लागला. म्हणाला, सकाळी येतो तेव्हा तुझी झोपमोड होते. तिला सुटल्यासारखं झालं होतं. पुढे दिवसपाळी आली तरी पलंग त्याच खोलीत राहिला. एकाहत्तर साली ते कार्डिफला आले. तिला ही नोकरी मिळाली, त्याला पोलादाच्या कारखान्यात, तो बंद पडल्यावर गोदामावर पहारेकरी म्हणून. इथल्या घरातही झोपायच्या खोल्या दोन घेतल्या, शेजारी शेजारी. भांडण असं कधी झालं नाही. एम्लिननं हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, वाढदिवस विसरला नाही. तो तिच्याशी फार चांगला वागायचा. इतका चांगला, की कधीकधी तिला वाटायचं, आपण याच्याकडे आजारी माणूस म्हणून राहायला आलो आहोत.

दुपारच्या सुट्टीत ती छापलेली पानं घेऊन स्वतःच डॉ. होवेल्सच्या खोलीत गेली. एरवी ती पानं शिपायाबरोबर जात. डॉक्टरीणबाई खिडकीशी उभी राहून डब्यातलं दही खात होती. ती जरा गोंधळली, मग बसा म्हणाली. ओल्वेन बसली नाही. तिनं विचारलं, की तो दिवसांचा आकडा बरोबर आहे ना, टेप मध्येच खरखरत होती. डॉ. होवेल्सनं पान बघून सांगितलं, अगदी बरोबर. मग ओल्वेननं विचारलं, की तेव्हा, म्हणजे साठच्या सुमारास, हे ठाऊक नव्हतं का. तेव्हा नुसता संशय येऊ लागला होता, डॉक्टर म्हणाली. पक्कं व्हायला गेल्या वर्षापर्यंत वेळ लागला. दऱ्यांमधल्या गावांत अशी बाळं फार जन्मायची हे मात्र सगळ्यांना दिसत होतं. कोण म्हणे पाण्यात काही आहे, कोण म्हणे काळे पडलेले बटाटे, कोण म्हणे रक्तातच आहे. रक्ताचा भाग थोडा असतोही. काहींच्या शरीराला ते जीवनसत्त्व जास्त लागतं. त्यातून हिवाळ्याचे दिवस, पाव, चरबी, चहा, आणि कोबी आणलाच तर सोडा घालून तासभर उकळून पाणी मोरीत ओतायचं. ओल्वेनला सासूचं भलंमोठं पातेलं दिसलं, खिडकीवर जमलेली कोबीची वाफ दिसली. पण तिला विचारायचं ते अजून विचारून झालं नव्हतं.

"आणि पडलं-झडलं तर?" ती म्हणाली. "पोटुशी बाई जोरात पडली. किंवा उडी मारली. त्यानं असं डोकं उघडं पडू शकतं?"

"नाही, मिसेस बेनन. ते मिटलेलं असतं किंवा मिटलेलं नसतं. एकदा मिटलं की पडून उघडत नाही."

"दोन-अडीच महिन्यांनी पडली तरी?"

"तोवर तर कधीचं ठरून गेलेलं असतं." डॉक्टरनं चमचा डब्यात ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरात कुणाचं होतं का असं?"

"शेजारच्या बाईचं," ओल्वेन म्हणाली. "आमच्या रांगेतली. फार वर्षं झाली."

"हयात असतील तर सांगा त्यांना. बऱ्याच जणी मनाला लावून घेतात."

सांगते, असं म्हणून ती बाहेर आली. कॉरिडॉरमध्ये फरशीवर नुकतंच पुसल्याचा ओला पट्टा होता, तो ओलांडताना तिनं सवयीनं पाय जपून टाकला. तिला वाटत होतं आता काहीतरी होईल. गुडघे मोडतील, किंवा छातीवरचं काही उतरेल, निदान डोळे भरतील. ती जिन्याच्या कठड्याशी थांबून वाट पाहत राहिली, बसची वाट पाहावी तशी. काही आलं नाही. हाताखाली कठड्याचा गार लोखंडी नळ होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी शीळ वाजवत होतं. आपण ते केलं नाही, असं तिनं मनात म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं, पण ते शेजारच्या बाईबद्दल होतं. एकतीस वर्षांत त्या बाळाशी तिचं नातं एकच होतं, मी तुझं हे केलं. दुसरा धागा नव्हता. तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, नाव नाही, जागा माहीत नाही. आता ती उडीही गेली, तर मग उरलं काय, पाव आणि चहा? एका हिवाळ्यात तिनं कोबी खाल्ला नाही, किंवा खाल्ला तो उकळून पांचट झालेला होता. तिनं साडेचार वाजेपर्यंत एका हृदयरोगतज्ज्ञाची तीन पत्रं टाइप केली. ग्लेनिसनं जाताना विचारलं, की अगं बरी आहेस ना, नाकाचा शेंडा पांढरा पडलाय तुझा. थंडी आहे, ओल्वेन म्हणाली. नोव्हेंबर होता, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

ती घरी पोचली तेव्हा एम्लिन ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता. निवृत्त झाल्यापासून गुरुवारचा स्वयंपाक त्याचा. खाणीतल्या चौदा वर्षांची धूळ त्याच्या छातीत बसली होती, जिना चढला की तो अर्ध्यावर थांबे, पण सुरी चालवायला दम लागत नाही म्हणायचा. तो एकोणसाठचा होता, दिसायचा सत्तरचा. त्यानं नेहमीसारखं विचारलं, बस मिळाली का वेळेवर. तिनं कोट काढला, खुंटीला अडकवला, आणि कोटाकडे तोंड असतानाच बोलली. आधी ठरवलं नव्हतं.

"एकसष्टच्या मार्चमध्ये मी मॅमच्या कोळशाच्या खोपीवरून उड्या मारल्या होत्या. तीनदा. पडावं म्हणून."

सुरी थांबली नाही. सालीचा लांब पापुद्रा पुरा सुटून पाण्यात पडला, मग तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"मॅमनं पाहिलं होतं?"

"मी पाहिलं. रात्रपाळी करून वर झोपलो होतो. धप्प आवाज आला, वाटलं कोळसेवाला पोती टाकतोय. पडदा सरकवला." त्याला खोकला आला. तो संपेपर्यंत दोघंही थांबली. "तिसरी उडी पाहिली. मग तू उठून स्कर्ट झटकलास आणि आत आलीस. मी परत पांघरूण घेऊन पडलो."

ओल्वेन खुर्चीवर बसली. तिला एवढंच सुचलं, की त्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिच्याकडे मीठ मागितलं होतं की नव्हतं. एकतीस वर्षं तिनं जे एकटीनं सांभाळलं असं समजलं होतं ते भिंतीपलीकडच्या खोलीत, दुसऱ्या पलंगावर, तितकंच सांभाळलेलं होतं. मग तिला तो छोट्या खोलीतला पलंग आठवला, आणि ते चांगलं वागणं. हिला मूल नको आहे, असं धरून तो चालला होता. आणि ती, आपल्याला मूल मिळू नये, असं धरून. दोघांनीही एकमेकांना कधी अडवलं नव्हतं. तिनं त्याला सकाळची टेप सांगितली, जशी टाइप केली होती तशीच, क्रमानं. सपाट पट्टी, कडा, पंचविसावा दिवस, पालेभाजीतलं जीवनसत्त्व. दोन-अडीच महिन्यांनी मारलेल्या उडीचा त्याच्याशी संबंध नसतो. तिचा आवाज डॉ. होवेल्सच्या आवाजासारखाच सपाट निघत होता. मध्ये कुठे स्वल्पविराम चुकला नाही.

एम्लिननं गॅस बंद केला. "नक्की म्हणाली?"

"नक्की. मी दोनदा विचारलं."

तो ओट्याला टेकला. खिडकीकडे बघत बोलला. म्हणाला, त्या वेळी वाटलं होतं, हे तूच केलंस. पाहिल्याबरोबर तसंच वाटलं. मग वाटलं, हिला आणखी शिक्षा कशाला. म्हणून कधी बोललो नाही. "पण बोलायला हवं होतं," तो म्हणाला, "दुसरं एक होतं ते तरी. नर्स पार्फिटनं शपथ घातली होती. ती मेली त्यालाही आता वीस वर्षं झाली."

"काय दुसरं?"

"ती जिवंत होती, ओल."

ओल्वेननं ऐकलं. पण जिवंत हा शब्द तिच्यापर्यंत नंतर पोचला. आधी पोचला तो त्याच्या अलीकडचा, इवलासा. "ती?" तिनं विचारलं.

"मुलगी होती. तुला सांगितलं नव्हतं कुणी?"

"बाळ म्हणाली होती. बाळ गेलं."

"मुलगी होती," एम्लिन म्हणाला. मग त्यानं सांगितलं. थांबत थांबत, दम घेत, पण न चुकता, कधीतरी सांगायचं म्हणून शब्द लावून ठेवल्यासारखं. नर्सनं टॉवेलात गुंडाळून तिला खाली आणलं आणि मॅमला म्हणाली, अजून धुगधुगी आहे, जाईल एवढ्यात. मॅमनं तोंड फिरवलं. मग त्यानं हात पुढे केले. स्वयंपाकघरात चुलीशी बसला तिला घेऊन. पाच मिनिटं म्हणाली होती नर्स, पण चाळीस झाली. रडली नाही. श्वास घ्यायची, मग बराच वेळ नाही, मग पुन्हा एक. डोळे मोठे होते, आधी भीती वाटली, मग वाटेनाशी झाली. नखं होती. त्यानं तिच्या मुठीशी बोट नेलं तर तिनं ते धरलं, घट्ट. डॉक्टर म्हणतील त्याला अर्थ नाही. नसेल. "तू वरून चहा मागितलास," तो म्हणाला. "मला ऐकू आलं. उठता येईना. ती अजून होती."

चहा मॅम घेऊन आली होती. ओल्वेनला आत्ता ते दिसलं. साखर जास्त झालेला, बशीत सांडलेला, आणि तो पिताना तिनं विचारलं होतं की एम्लिन का नाही आला. मॅम म्हणाली होती, त्याच्या हातात काम आहे.

बाहेर रस्त्यातून एक मोटार गेली. ओल्वेनला वाटलं आपण काही विचारायला हवं, कुठे पुरलं, नाव ठेवलं होतंस का, आणि तिला हेही दिसत होतं की त्याची उत्तरं त्याच्यापाशी तयार असणार, एकेक. आज एवढी घेता येणार नाहीत. ती उठून ओट्यापाशी गेली.

"कसं धरलं होतंस?" तिनं विचारलं.

त्यानं ओले हात पँटला पुसले. मग डावा हात कोपरात दुमडला, छातीशी घेतला, उजवा तळवा खाली दिला. विचार करावा लागला नाही. "डोकं इथं," तो म्हणाला, आणि हनुवटीनं कोपराच्या आतला खळगा दाखवला. "टॉवेल दुहेरी केला होता, लागू नये म्हणून."

ओल्वेननं हात पुढे केला. त्याच्या स्वेटरची लोकर कोपरापाशी झिजून पातळ झाली होती, आणि तिच्याखाली नाडी लागत होती, जरा जलद. तिनं तळवा त्या खळग्यात ठेवला. त्यानं हात तसाच दुमडलेला ठेवला, आणि दोघंही, चाळीस मिनिटं मोजायची असल्यासारखी, तिथंच उभी राहिली.